जर्मेनियम डिटेक्टरची मोजणी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

एम.एस्सी.चा प्रकल्प आजपासून सुरू. प्रयोगशाळेतला गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा जुना एचपीजीई डिटेक्टर (अतिशुद्ध जर्मेनियम, पी-टाइप, कोअ‍ॅक्शियल) तीन महिने माझ्याकडे असेल. सोबतच्या प्रमाणपत्रावर चार आकडे छापलेत. कोबाल्ट-६० च्या १३३२ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) पीकची, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये त्या ऊर्जेला दिसणाऱ्या सुळक्याची, अर्ध्या उंचीवरची रुंदी १.८५ केईव्ही (जितकी कमी तितकं चांगलं), १२२ केईव्हीला ०.८५ केईव्ही, पीक-टू-कॉम्प्टन गुणोत्तर (पीकची उंची भागिले थोडीच ऊर्जा देऊन निसटलेल्या गॅमांच्या थराची उंची) ५८ आणि रिलेटिव्ह एफिशियन्सी ३० टक्के. सरांनी काम एका वाक्यात सांगितलं, "हे चारही आकडे आज खरे आहेत का ते बघ, आणि नसतील तर का नाहीत ते शोध." दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडला.

प्रयोगशाळेतल्या काकांनी दुपारी द्रव नायट्रोजनचा कॅन आणून दिला. ड्युअर (नायट्रोजनचं थर्मॉससारखं भांडं) भरायला पाऊण तास लागला. नळीच्या तोंडाशी पांढरा धूर आणि कडकड आवाज, मग थेंब उडायला लागले की समजायचं भरलं. जर्मेनियमचा बँडगॅप जेमतेम ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेनेच इतके इलेक्ट्रॉन सुटतात की गॅमाचा सिग्नल त्यात बुडून जाईल. क्रिस्टल पूर्ण थंड व्हायच्या आत हाय व्होल्टेज दिलं तर प्रीअ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरला धोका. म्हणून आज फक्त थंड करायचं.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी प्रयोगशाळेतल्या ताईंनी हाय व्होल्टेज चढवायला शिकवलं. एका वेळी १०० व्होल्ट, मग थांबायचं, ऑसिलोस्कोपवर प्रीअ‍ॅम्पची बेसलाइन स्थिर झाली की पुढचे १००. ३००० पर्यंत जायला तासभर गेला. घाई करण्यात काही फायदा नाही, हे ताईंनी तीनदा सांगितलं. टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) लावला, किरणोत्सारी सोर्सच्या रजिस्टरमध्ये सही केली.

पहिला स्पेक्ट्रम सोर्सशिवाय घेतला. तरीही पडदा रिकामा नव्हता. १४६०.८ ला भिंतींमधल्या पोटॅशियम-४० चं पीक, ६०९.३ ला बिस्मथ-२१४ आणि पार उजवीकडे २६१४.५ ला थॅलियम-२०८. ७५ केईव्हीच्या आसपास आणखी काही पीक दिसले, ते शिशाच्या विटांचे क्ष-किरण. विटांच्या आतून तांब्याचा पातळ पत्रा लावला की ते बरेच कमी होतात, पण आमचा पत्रा एका बाजूने निसटलाय. तो बसवून घेतला.

९ जानेवारी, गुरुवार

कोबाल्ट-६० डिटेक्टरच्या टोपीपासून २५ सेंमीवर. अ‍ॅम्प्लिफायरचा शेपिंग टाइम (पल्सला आकार द्यायचा वेळ) ६ मायक्रोसेकंद, ८१९२ चॅनेल (ऊर्जेचे कप्पे).

१३३२ ची रुंदी आली २.३१ केईव्ही. असायला हवी होती १.८५. पीक-टू-कॉम्प्टन ४६.५ (पीकच्या टोकाचे काउंट्स भागिले १०४० ते १०९६ केईव्ही पट्ट्यातले दर चॅनेलचे सरासरी काउंट्स). प्रमाणपत्राप्रमाणे ५८ हवं.

घरी जाताना वाईट वाटत होतं. क्रिस्टलच म्हातारा झाला असेल, असं मनात आलं.

१० जानेवारी, शुक्रवार

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "१२२ ला किती आली?" ती मी मोजलीच नव्हती. युरोपियम-१५२ लावला आणि १२१.८ चं पीक पाहिलं. रुंदी १.५५ केईव्ही! म्हणजे ०.८५ च्या जवळपास दुप्पट, आणि १३३२ ला मात्र फक्त पंचवीस टक्के जास्त.

या फरकातच उत्तर होतं, ते इथे नीट लिहून ठेवते. पीकची रुंदी तीन गोष्टींची मिळून बनते आणि त्या वर्गांच्या बेरजेने एकत्र येतात. पहिली गोष्ट क्रिस्टलमध्ये तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉन-होल जोड्यांच्या संख्येतला चढउतार. एका जोडीला २.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि फानो गुणक (हा चढउतार किती कमी असतो ते सांगणारा आकडा) ०.११ धरला तर १३३२ ला हा वाटा १.५५ केईव्ही येतो, १२२ ला ०.४७. हा कुणालाच टाळता येत नाही. दुसरी गोष्ट चार्ज पूर्ण गोळा न होणं. हे ऊर्जेबरोबर वाढतं, आणि क्रिस्टलला न्यूट्रॉनचा मार बसला असेल तर मोठ्या ऊर्जेच्या पीकला डाव्या बाजूला शेपूट फुटतं. तिसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज, जो सगळ्या ऊर्जांना सारखाच. मूळ रुंदी जिथे लहान तिथे तो जास्त टोचतो.

आमचं पीक दोन्ही बाजूंनी सममित आहे, शेपूट नाही, आणि दुखणं खालच्या ऊर्जेला जास्त. म्हणजे क्रिस्टल ठीक आहे. नॉइज कुठून तरी बाहेरून येतोय. पल्सर (एकाच उंचीचे पल्स थेट इलेक्ट्रॉनिक्सला देणारं यंत्र) लावून खात्री केली. पल्सरच्या पीकची रुंदी १.४६ केईव्ही, आणि पल्सरमध्ये तर क्रिस्टलचा संबंधच नाही.

एकच ऊर्जा मोजून रडत बसण्यापेक्षा दोन ऊर्जा मोजाव्यात.

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर ऑसिलोस्कोपसमोर. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटची बेसलाइन पसरट करून पाहिली. लांबून ती सरळ दिसते, पण टाइमबेस ५ मिलिसेकंदांवर नेला की एक मंद लाट दिसते, दर २० मिलिसेकंदांनी तोच चढ, तोच उतार. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे मेन्सची वीज. ही लाट प्रत्येक पल्सला थोडं वर किंवा खाली उचलते, आणि पीक तेवढं फुगतं.

एकेक वस्तू बंद करत गेले. ट्यूबलाइट, फरक नाही. एसी, फरक नाही. व्हॅक्यूम पंप, थोडासा. कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि लाट सपाट झाली. कॉम्प्युटर होता खिडकीजवळच्या सॉकेटवर, निम बिन (इलेक्ट्रॉनिक्सचे मॉड्यूल बसवायची चौकट) आणि हाय व्होल्टेज सप्लाय दारामागच्या बोर्डावर. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो, आणि सिग्नल केबलच्या बाहेरच्या जाळीतून त्या फरकाचा करंट फिरत राहतो. ग्राउंड लूप. पुस्तकात वाचलेला शब्द, आज डोळ्यांनी पाहिला.

सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणलं. केबल लांब पुरेना म्हणून टेबल सव्वा फूट सरकवलं. काकांनी मदत केली.

पल्सर : ०.७२ केईव्ही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत, पण सकाळी दोन तास येऊन गेले. राहवत नव्हतं.

१३३२ ला १.९२, १२२ ला ०.८९, पीक-टू-कॉम्प्टन ५५.९. पीक अरुंद झालं की तेच काउंट्स कमी चॅनेलमध्ये बसतात, उंची वाढते, म्हणून हे गुणोत्तर आपोआप सुधारलं. ४६.५ ला २.३१ ने गुणून १.९२ ने भागलं तरी ५५.९ च येतात. म्हणजे ते दोन आकडे वेगवेगळे नव्हतेच, एकाच आजाराची दोन लक्षणं होती.

काकांना आणि ताईंना तिळगूळ दिला. डिटेक्टरशेजारी खायचं नाही, हा नियम पाळून बाहेर व्हरांड्यात.

१५ जानेवारी, बुधवार

रिलेटिव्ह एफिशियन्सी. हा शब्द फसवा आहे. ३० टक्के म्हणजे शंभर गॅमांपैकी तीस पकडले, असं मला आधी वाटायचं. अर्थ असा आहे : ३ इंच बाय ३ इंचाच्या सोडियम आयोडाइड क्रिस्टलपासून २५ सेंमीवर कोबाल्ट-६० ठेवला तर १३३२ च्या पीकमध्ये निघालेल्या गॅमांपैकी ०.१२ टक्के जमा होतात. आपला जर्मेनियम त्याच अंतरावर त्याच्या किती टक्के जमा करतो, ते हे ३०. म्हणजे प्रत्यक्षात दहा हजारांत सुमारे साडेतीन गॅमा.

आमचा सोर्स १ जानेवारी २०२१ ला ३७.० किलोबेकरेल (सेकंदाला ३७ हजार विघटनं) होता. अर्धायुष्य ५.२७ वर्षं, त्यामुळे आज २१.७५. एका तासात पीकचं निव्वळ क्षेत्रफळ २६,५७०. गणित करून ०.०३३९ टक्के, म्हणजे रिलेटिव्ह एफिशियन्सी २८.३ टक्के.

३० पेक्षा कमी. पण सोर्सच्या अ‍ॅक्टिव्हिटीतच ३ टक्के अनिश्चितता आहे, आणि अंतरात दोन मिलिमीटर चुकले तर आणखी दीड टक्का. २८.३ अधिक-उणे ०.९ धरलं तर ३० ला खोटं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. तसंच लिहिलं. ताईंनी वाचून मान डोलावली.

२२ जानेवारी, बुधवार

तुलनेसाठी कपाटातला ३ बाय ३ चा सोडियम आयोडाइड काढला. थॅलियम घातलेल्या या क्रिस्टलचा शोध रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आजही पदवीच्या बहुतेक प्रयोगशाळांत तोच आहे. सिझियम-१३७ च्या ६६२ ला ७.४ टक्के, म्हणजे ४९ केईव्ही रुंदी. जर्मेनियमची त्याच जागी १.४२. युरोपियमचा स्पेक्ट्रम दोन्हींवर घेऊन एकाखाली एक ठेवला. जर्मेनियममध्ये ९६४, १०८५.८, १०८९.७ आणि १११२ असे चार वेगळे खांब, आयोडाइडमध्ये तिथे दोन गोल टेकाडं. तरीही आयोडाइडला कमी लेखू नये. नायट्रोजन लागत नाही, आणि ज्याला फक्त सिझियम आहे की नाही एवढंच विचारायचंय त्याला ४९ केईव्ही पुष्कळ झाले.

२८ जानेवारी, मंगळवार

आता मुख्य काम, एफिशियन्सीचा वक्र (कुठल्या ऊर्जेचे किती टक्के गॅमा पीकमध्ये जमा होतात). युरोपियम-१५२ यासाठी सोयीचा, कारण एकाच सोर्समधून १२१.८ पासून १४०८.० पर्यंत डझनभर रेषा मिळतात आणि त्यांची तीव्रता चांगली ठाऊक आहे. २५ सेंमीवर रात्रभर ठेवला. लॉग-लॉग कागदावर बिंदू एका सुरेख वक्रावर बसले. पडताळा म्हणून सिझियम : युरोपियमचा वक्र ६६१.७ ला ०.०६१२ टक्के सांगतो, सिझियमने ०.०६०५ दिले. एक टक्क्याच्या आसपासचा फरक. समाधान.

३ फेब्रुवारी, सोमवार

पुढे आम्हाला मातीचे नमुने मोजायचे आहेत. त्यांची अ‍ॅक्टिव्हिटी इतकी कमी की नमुना डिटेक्टरच्या टोपीला जवळजवळ चिकटवूनच ठेवावा लागेल. म्हणून आज तोच वक्र १ सेंमीवर.

काहीतरी बिघडलंय. युरोपियमचा वक्र ६६१.७ ला २.०९ टक्के म्हणतो, सिझियम २.३२ म्हणतो. १० टक्के फरक! आणि युरोपियमचे बिंदूही आता एका वक्रावर बसत नाहीत. १०८५.८ चा बिंदू शेजारच्या ९६४ आणि १११२ पेक्षा सुमारे १० टक्के वर उभा आहे.

पहिला संशय सिझियमच्या अ‍ॅक्टिव्हिटीवर. पण २५ सेंमीवर तोच सोर्स वक्रावर बसला होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा संशय अंतरावर. सोर्स प्लास्टिकच्या चकतीत असतो, आणि खरा किरणोत्सारी ठिपका चकतीच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. चकती उलटी करून मोजलं. २५ सेंमीवर काहीच कळलं नाही, पण १ सेंमीवर काउंट ५ टक्क्यांनी बदलला. मिलिमीटरभराचा फरक जवळून एवढा महाग पडतो. प्रत्येक चकतीच्या एका बाजूला पर्मनंट मार्करने बाण काढला, बाण नेहमी डिटेक्टरकडे. हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

पण बाण लावूनही फरक शिल्लक. शिवाय अंतराच्या चुकीने सगळ्या रेषा एकसारख्या खाली-वर होतील, १०८५.८ एकटी वर जाणार नाही. डेड टाइम (आधीच्या पल्समध्ये गुंतल्यामुळे नवा मोजता येत नाही तो वेळ) ५ टक्के, तोही लाइव्ह-टाइम घड्याळाने वजा होतो आणि सगळ्यांना सारखाच लागतो.

म्हणजे कारण असं हवं, जे रेषा ओळखतं. हे वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. सर म्हणाले, "युरोपियम विसर. कोबाल्ट जवळ ठेव आणि उजवीकडे बघ."

कोबाल्ट-६० १ सेंमीवर, अर्धा तास. ११७३ आणि १३३२ नेहमीप्रमाणे उभे. मी एरवी १५०० च्या पुढे बघतच नाही. पडदा सरकवला. २५०५.७ केईव्हीला एक स्वच्छ, अरुंद पीक. कोबाल्ट-६० मोठ्या प्रमाणावर अशी ऊर्जा देतच नाही. पण ११७३.२ अधिक १३३२.५ म्हणजे २५०५.७.

एकाच केंद्रकातून ११७३ चा गॅमा निघतो आणि पिकोसेकंदाच्या आसपास १३३२ चा त्याच्या मागोमाग. डिटेक्टरला एक घटना संपवायला कित्येक मायक्रोसेकंद लागतात. दोन्ही गॅमा क्रिस्टलमध्ये शिरले तर त्याच्या लेखी तो एकच गॅमा, दोघांच्या बेरजेइतका. दुसरा पूर्ण शोषला गेला नाही, नुसता कॉम्प्टन धक्का देऊन निसटला, तरी १३३२ चा काउंट त्याच्या पीकमधून हलतो आणि भलतीकडे पडतो. २५ सेंमीवर दोघेही क्रिस्टलमध्ये येण्याची शक्यता नगण्य. १ सेंमीवर क्रिस्टल अवकाशाचा जवळजवळ पाव भाग व्यापतो. सिझियम-१३७ ला एकच गॅमा, त्याला जोडीदार नाही, म्हणून तो सुखरूप. हेच ट्रू कोइन्सिडन्स समिंग.

ही निव्वळ गर्दीमुळे झालेली योगायोगाची बेरीज नाही ना, हेही तपासलं. सिझियम आणि मँगनीज-५४ शेजारी शेजारी ठेवले. दोन वेगळे सोर्स, त्यांचे गॅमा एकमेकांना ओळखत नाहीत. ६६१.७ अधिक ८३४.८, म्हणजे १४९६.५ ला काही दिसतं का? बॅकग्राउंडपलीकडे काही नाही. कोबाल्टची बेरीज खरी आहे.

संध्याकाळी अंदाज काढला. अ‍ॅक्टिव्हिटी गुणिले दोन्ही एफिशियन्सी गुणिले १८०० सेकंद : ६,८८० काउंट्स यायला हवेत. आले होते ६,७४०. वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा दोन टक्क्यांत जुळला तेव्हा मी खुर्चीतून उठून ताईंना बोलावून आणलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

१०८५.८ चं कोडंही सुटलं, आणि ते जास्त सुंदर आहे. युरोपियम-१५२ चा एक मार्ग समेरियम-१५२ च्या १०८५.८ केईव्ही पातळीवर उतरतो. तिथून खाली यायला दोन वाटा. एक थेट तळापर्यंत, म्हणजे १०८५.८ ची रेषा. दुसरी ९६४.१ ची उडी १२१.८ च्या पातळीवर आणि मग १२१.८ ची शेवटची पायरी. पण ९६४.१ अधिक १२१.८ म्हणजे पुन्हा १०८५.९! दोन पायऱ्यांनी उतरलेला काउंट थेट उतरणाऱ्यांच्या खात्यात जमा होतो. म्हणून ९६४ खाली गेली आणि १०८५.८ वर. १११२ ची पातळी १२३३.९, तिला तळापर्यंत थेट रेषा नाही, म्हणून तिला नुसतं नुकसान. तिची बेरीज १२३३.९ ला एक छोटं पीक बनून दिसतेच.

आणखी एक : १४०८ आणि १२१.८ मिळून १५२९.८ ला पीक. तेही सापडलं. ३ तारखेच्या स्पेक्ट्रममध्ये हे सगळं होतं, मी बघितलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आकडे एकत्र. १ सेंमीची एफिशियन्सी भागिले २५ सेंमीची :

सिझियम ६६१.७ : ३८.४
मँगनीज ८३४.८ : ३७.९
कोबाल्ट १३३२.५ : ३३.४

एकट्या गॅमाचे दोन सोर्स हळू उतरत जातात, त्यांच्या ओघात कोबाल्ट ३७.५ च्या आसपास हवा. म्हणजे १०.९ टक्के काउंट पीकमधून गेले. स्वतंत्र तपासणी म्हणून सिझियमचा संपूर्ण स्पेक्ट्रम (पीक, कॉम्प्टन, सगळंच) मोजून टोटल एफिशियन्सी ११.८ टक्के काढली आणि ११७३ साठी थोडी खाली आणून १०.६ धरली. १३३२ चं नुकसान तेवढंच असायला हवं. १०.९ आणि १०.६.

ताई पूर्वी मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पेलेट्रॉन या कणवेगकावरच्या प्रयोगात होत्या. तिथल्या इंगा या जर्मेनियम डिटेक्टरांच्या अ‍ॅरेतल्या क्लोव्हर डिटेक्टरमध्ये चार जर्मेनियम क्रिस्टल एकाच खोक्यात शेजारी बसवलेले असतात. तिथे एका क्रिस्टलमधून उसळून शेजारच्यात गेलेल्या गॅमाची ऊर्जा मुद्दाम बेरीज करतात, त्याला अ‍ॅड-बॅक म्हणतात. १.३ एमईव्हीच्या आसपास पीकमधले काउंट्स त्याने सुमारे दीडपट होतात. मी विचारलं, मग दोन वेगळ्या गॅमांचीही चुकून बेरीज होणार ना? "होते की. म्हणून तर डिटेक्टर लांब ठेवतात," ताई म्हणाल्या. माझ्या १ सेंमीच्या भांडणाचा संबंध तिथपर्यंत पोचतो, हे ऐकून फार बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मातीच्या नमुन्यांसाठी काय करायचं ते ठरलं. पोटॅशियम-४० चा १४६०.८ एकटा निघतो, त्याला समिंगची दुरुस्ती नको. बिस्मथ-२१४ चा ६०९.३ मात्र मोठ्या साखळीतला, त्याला हवी. १ सेंमीसाठी युरोपियमचा वक्र वापरणार नाही. सिझियम आणि मँगनीजच्या बिंदूंवर टेकवून २५ सेंमीच्या वक्राचा आकार खाली आणणार, आणि कोबाल्टचा बिंदू दुरुस्तीनंतर त्यावर बसतो का ते पाहणार. आज बसवून पाहिला. दीड टक्का खाली.

काही प्रयोगशाळांत जवळच्या अंतरावर युरोपियमचाच वक्र जसाच्या तसा वापरतात, असं सरांकडून कळलं. सिझियम मोजताना त्यांची अ‍ॅक्टिव्हिटी दहा टक्के जास्त येत असणार, आणि अहवालावर ती अनिश्चिततेसह, दोन दशांशांपर्यंत छापली जात असणार. हे मला खरोखर अस्वस्थ करतं. माती कुणाच्या तरी शेतातली असते.

३ मार्च, सोमवार

डिटेक्टरच्या स्टँडवर नवीन कागद चिकटवला. जुन्या प्रमाणपत्राशेजारी, त्याच्या जागी नाही.

१३३२ ला १.९२ केईव्ही : शेपिंग ६ मायक्रोसेकंद, सेकंदाला हजाराच्या आत काउंट, सगळं एका बोर्डावर.
रिलेटिव्ह एफिशियन्सी २८.३ अधिक-उणे ०.९ : २५ सेंमी, बाण डिटेक्टरकडे, जानेवारी २०२५.
१ सेंमी : युरोपियमचा वक्र वापरू नये. कारण वहीत, ११ आणि १४ फेब्रुवारी.

सरांनी वाचून पेन मागितलं आणि खाली एक ओळ जोडली : "कॉम्प्युटरचा प्लग हलवू नये."

ड्युअरमध्ये नायट्रोजन अर्ध्यावर आलाय. उद्या काकांना सांगायचं, आणि ५ सेंमीचं मोजमाप सुरू करायचं.